घायपाताच्या वाखातूनही शिल्प उभं राहतं

पोलिश शिल्पकार मागदालेना अबाकानोविच (१९३०–२०१७) यांच्याविषयीचा एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: या बाई मुळात विणकर, शिल्पकार हे बिरुद त्यांना मागाहून चिकटवलं गेलं. त्यांची मस्तक नसलेली माणसं म्हणजे छळछावणीतले बळी. ती सगळी एका साच्यातून काढलेली. आणि आयुष्यभर त्यांनी एवढं एकच केलं. कलेवर प्रेम करणारी माणसंही हे खरं मानून पुढे पाठवत आहेत, म्हणून हे उत्तर.

त्या मागावर बसल्या, हे खरंच आहे. १९६२ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानला भरलेल्या भित्तिपटांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांचं काम होतं. पण युरोपातली भित्तिपटाची रीत काय होती? चित्रकार आराखडा काढून देई, कारागीर तो मागावर उतरवत आणि तयार पट भिंतीला सपाट लागे. अबाकानोविच यांनी आराखडाच सोडला. आकार विणता विणता ठरू लागला. टाकून दिलेले जुने दोरखंड गोळा करायचे, उकलायचे, रंगवायचे आणि तेच मागावर घ्यायचे. त्यांचा आवडता धागा सिसलचा, म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताच्या जातीचा. वाख ज्यांनी वळला आहे त्यांना तो किती राठ असतो, हाताला कसा कापतो, हे सांगायला नको. तो रेशमासारखा गळून पडत नाही, दिलेला आकार धरून ठेवतो. म्हणूनच त्यांचं विणकाम भिंत सोडून छतापासून लोंबू लागलं. १९६९चं ‘लाल अबाकान’ सुमारे चार मीटर उंच आहे, आणि त्याला घड्या, पोकळी, पोट आहे. त्याच्याभोवती फिरावं लागतं. या वस्तूंना कोणतंच जुनं नाव बसेना, तेव्हा त्यांच्या आडनावावरून ‘अबाकान’ हा शब्द घडवावा लागला. मराठीत ‘शिल्प’ या शब्दाने तर दगडाचीच अट कधी घातलेली नाही. त्या शब्दात हाताचं कसब आधीपासून आहे.

छळछावणीचा मुद्दा जास्त गंभीर आहे, कारण त्यात सत्याचा अंश आहे. १९४३ साली दारू प्यालेल्या जर्मन सैनिकांनी घरात घुसून त्यांच्या आईवर गोळ्या झाडल्या. आईचा हात गेला. पुढच्या वर्षी जर्मन ताब्याविरुद्ध झालेल्या वॉर्साच्या उठावात चौदा वर्षांची ही मुलगी तात्पुरत्या इस्पितळात जखमींची शुश्रूषा करत होती. फाटलेलं, अपुरं शरीर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तरीही ‘पाठी’ या मस्तक नसलेल्या ऐंशी आकृतींच्या समूहासमोर लोक विचारत, हे आउशविट्झ आहे का, पेरूमधला धार्मिक विधी आहे का, बालीतलं रामायणाचं नृत्य आहे का, तेव्हा त्या सगळ्यांना ‘हो’च म्हणत. त्यांना भय होतं गर्दीचं. हुकुमावरून जयजयकार करणारी आणि हुकुमावरून द्वेष करणारी गर्दी त्यांनी आधी हिटलरच्या आणि मग स्टालिनच्या काळात पाहिली. मस्तक नसलेलं धड बळीचं असू शकतं, तसंच टाळ्या वाजवणाऱ्याचंही. नुसतं बळीचं स्मारक म्हटलं की पाहणारा सुटतो, आणि त्याला तसं सोडायची त्यांची तयारी नव्हती.

साच्याचं म्हणाल, तर ‘पाठी’साठी प्लास्टरचा साचा वापरला होता. राळेत भिजवलेलं गोणपाट त्यात दाबायचं, वाळलं की काढायचं. पण गोणपाट दर वेळी वेगळं चुरगळतं, वेगळ्या जागी विरतं. एकीची पाठ दुसरीसारखी नाही. शिकागोच्या ग्रँट पार्कमधल्या ‘अगोरा’त (२००६) ओतीव लोखंडाच्या १०६ आकृत्या आहेत, प्रत्येकी सुमारे २.७ मीटर उंच, आणि प्रत्येकीचा पृष्ठभाग झाडाच्या सालीसारखा स्वतंत्र घडवलेला. मधून चालत गेलं की कळतं.

राहिला ‘एकच काम’ हा आरोप. जेरुसलेममध्ये त्यांनी चुनखडीच्या सात प्रचंड चकत्या उभ्या केल्या (‘नेगेव्ह’, १९८७). १९८८मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलच्या ऑलिम्पिक पार्कसाठी ब्राँझमध्ये प्राण्यांची दहा मस्तकं ओतली. मस्तकं, हे लक्षात घ्यावं! ‘युद्धखेळ’ या मालिकेसाठी तोडून टाकलेल्या झाडांचे ओंडके सोलून त्यांना पोलादाच्या पट्ट्या ठोकल्या. आणि १९९१मध्ये पॅरिसच्या ला देफाँस या उंच कचेऱ्यांच्या भागाच्या विस्तारासाठी चक्क इमारती सुचवल्या: झाडाच्या आकाराच्या, आत माणसांनी राहायचं आणि बाहेरच्या भिंतींवर खऱ्या वेली चढायच्या. त्या बांधल्या गेल्या नाहीत. पण उंच इमारतींच्या भिंतींवर हिरवाई चढवायची ही कल्पना त्यांनी मांडली तेव्हा त्या साठीला पोचल्या होत्या, आणि माग सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती.