खोबरेलात झिंक पावडर घोटली म्हणजे सनस्क्रीन होत नाही ओ

मार्च संपायच्या आत सोलापुरातल्या एकूण एक फॅमिली ग्रुपवर तो मेसेज येऊन पडतो, यंदाही पडला. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: बाजारातली सनस्क्रीन म्हणजे विष, ती रक्तात जाते, कॅन्सर करते, आपल्या आज्यांनी कधी लावली होती का? त्यापेक्षा घरीच करा. अर्धी वाटी खोबरेल (एसपीएफ, म्हणजे ऊन अडवायच्या ताकदीचा आकडा, 8), गाजराच्या बियांचं तेल (एसपीएफ 40), रास्पबेरीच्या बियांचं तेल (एसपीएफ 50), 2 चमचे झिंक ऑक्साइड, कोरफडीचा गर, चिमूटभर हळद आणि शेवटी अर्धं लिंबू. बेरीज 98! वर थंडावा फ्री.

मी डी.फार्म झालेली, मेडिकलच्या काउंटरवर असते, त्यामुळं हा मेसेज माझ्यापर्यंत झिंक पावडरचं गिऱ्हाईक होऊन येतो. "ताई, पन्नास ग्रॅम द्या की ओ, सगळे करालेत." मागं रांग असते, प्रत्येकाला उभ्या उभ्या एवढं सगळं सांगणं होत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी ती 98 ची बेरीज. एसपीएफची बेरीज होत नाही. एसपीएफ 15 असेल तर त्वचा लाल करणाऱ्या शंभर किरणांतले साधारण 7 आत जातात, 30 असेल तर 3, आणि 50 असेल तर 2. तीन तेलं एकत्र केली की उलट प्रत्येक तेल पातळ होतं, बियांच्या तेलाचे 20 थेंब अर्ध्या वाटी खोबरेलात गेले की त्यांचं काय उरणार? आणि मुळात हे आकडे आले कुठून ते बघा. खोबरेलाचा 8 आला रायपूरच्या संशोधकांच्या 2010 च्या कामातून, त्यांनी तेलं अल्कोहोलमध्ये पातळ करून मशीनमध्ये तपासली होती, माणसाच्या अंगावर लावून नाही. काचेच्या नळीतला आकडा आणि घामेजल्या कपाळावरचा आकडा एक नसतो. पुढं अमेरिकेत तेलं आणि फळांचे रस यांचीच वेगळी तपासणी झाली तेव्हा यातलं काहीच सनस्क्रीन म्हणून चालणार नाही असाच निष्कर्ष निघाला. गाजराच्या 40 ची गंमत अशी की 2009 च्या एका अभ्यासात बाजारातल्या तयार हर्बल क्रीम तपासल्या होत्या, त्यातल्या एकीत इतर दहा गोष्टींबरोबर गाजरही होतं, तर अख्ख्या क्रीमचा आकडा उचलून लोकांनी एकट्या गाजराच्या तेलाला चिकटवला. रास्पबेरीचं पण तसंच, 2000 साली कॅनडातल्या एका पेपरमध्ये ते तेल प्रकाश किती शोषतं एवढंच लिहिलं होतं.

बाय द वे, सोरायसिसच्या (त्वचेवर जाड खपल्या येतात तो आजार) पेशंटला अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे उन्हातल्या न दिसणाऱ्या किरणांची थेरपी देतात ना, तेव्हा आधी त्या जाड खपल्यांवर पातळ तेल लावायची पद्धत आहे, किरणं आत नीट पोचावीत म्हणून. तेल लावलं की कोरडी त्वचा पारदर्शक होते. आणि आपण तेच तेल लावून भर दुपारी स्कूटी काढायची.

"पण ताई, झिंक ऑक्साइड तर खऱ्या सनस्क्रीनमध्ये पण असतं!" हो असतं, शंभर टक्के बरोबर, आणि म्हणूनच हा मुद्दा सगळ्यात फसवा आहे. एकदा वाटीत करूनच बघा. आपल्याकडं मे महिन्यात खोबरेल पाण्यासारखं पातळ असतं, 24-25 अंशाच्या वर ते गोठतच नाही. त्यात 2 चमचे पावडर टाका, पाच मिनिटं घोटा, दिसायला मस्त पांढरंशुभ्र एकसारखं दिसेल. आता ते मनगटावर बोटानं ओढा आणि मोबाईलचा टॉर्च मारून जवळून बघा. बारीक बारीक गाठी दिसतील, घाईत भिजवलेल्या पिठात राहतात तशा, आणि दोन गाठींच्या मधे नुसतं चकचकीत तेल. ऊन तिथूनच आत जातं. वाटी रात्रभर तशीच ठेवा, सकाळी झिंक सगळं तळाला आणि वर तेल, मग सोमवारी लावलेलं आणि मंगळवारी लावलेलं ही दोन वेगळी औषधं झाली की. कंपनीत तेच झिंक अगदी बारीक दळतात, त्या कणांवर कोटिंग करतात, ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वेगळे घटक घालतात, मोठ्या मशीनवर घुसळतात, आणि मग माणसांच्या पाठीवर दर चौरस सेंटीमीटरला 2 मिलिग्रॅम लावून दिव्याखाली एसपीएफ मोजतात. घरी यातलं काय होणार? त्वचा लाल झाली नाही म्हणजे काम झालं असंही नाही, कारण लाल करतात ती यूव्हीबी किरणं, आणि काळपटपणा, सुरकुत्या यात मोठा हात असलेली यूव्हीए किरणं काचेतूनसुद्धा गुपचूप आत येतात.

2019 मध्ये अमेरिकेत पिंटरेस्टवरच्या घरगुती सनस्क्रीनच्या पोस्ट कुणीतरी चाळून बघितल्या, तर सुमारे 68 टक्के रेसिपींमध्ये पुरेसं संरक्षणच नव्हतं, आणि जवळजवळ सगळ्या पोस्ट मात्र कौतुकाच्या.

हळदीवर वेळ घालवत नाही, उन्हात तिचा रंगच उडतो, ती काय ऊन अडवणार. कोरफड भाजल्यावर लावायला बरी, भाजू नये म्हणून नाही. आणि ताजा गर तेलात घालून बाहेर ठेवला तर सोलापूरच्या गरमीत त्याला दोन दिवसांत वास मारतो.

लिंबू मात्र डेंजर आहे, इथं जरा थांबा. बावची माहितीये ना? कोडावर, म्हणजे पांढऱ्या डागांवर, बावची लावून उन्हात बसायचा उपाय आपल्याकडं फार जुना आहे. त्यात सोरालेन जातीची द्रव्यं असतात, ती त्वचेला उन्हाबाबतीत हळवी करतात, इतकी की डोस चुकला तर फोड येतात. त्याच जातीची द्रव्यं लिंबात असतात, सालीत जास्त, आणि जगभरच्या डॉक्टरांच्या पुस्तकात या त्रासासाठी ज्या लिंबाचं नाव पहिलं येतं ते म्हणजे आपलंच कागदी लिंबू. रस अंगावर राहिला, वर ऊन लागलं, की लगेच काही होत नाही, एक-दोन दिवसांनी लाल होतं, आग होते, कधी पाण्याचे फोड, आणि मग तपकिरी डाग जे काही आठवडे नाहीतर काही महिने जात नाहीत. माझ्याकडं एक काकू आल्या होत्या, लग्नघरी सकाळभर मांडवाबाहेर बसून सरबताची लिंबं पिळलेली. हाताच्या पाठीवरून मनगटापर्यंत रसाचे ओघळ जसे गेले तस्से पट्टे. त्यांना वाटलं गॅसची वाफ लागली. आता हेच लिंबू चेहऱ्याला, रोज, मुद्दाम चोळून?

थंडाव्याचं म्हणाल तर ऊन आणि गरमी यात लोक गल्लत करतात. सोलापुरात पारा सगळ्यात वर जातो दुपारी तीन-चारला, 42-43 होतो, तेव्हा आपण आत बसतो. पण अल्ट्राव्हायोलेटचा कळस असतो साडेबाराच्या जरा आधी, सूर्य डोक्यावर असताना. मेच्या 10-11 तारखेला तर तो इथं बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली गोळा होते. सोपी खूण अशी की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक, मग हवा कितीही गार असो. गड्ड्याच्या यात्रेत जानेवारीत स्वेटर घालून दुपारी बारा वाजता फिरताना तोंड काळवंडतं ते यामुळंच. चंदन, मुलतानी, काकडी, गुलाबपाणी यांनी बरं वाटतं, कबूल. पण बरं वाटलं की माणूस उन्हात आणखी तासभर थांबतो, हा तोटा कुणी धरत नाही.

आता आज्यांचं. आजीनं सनस्क्रीन लावली नाही हे खरंय, पण आजी तेल थापून उघड्या डोक्यानं बारा वाजता रस्त्यावर पण फिरत नव्हती ना! डोक्यावरून पदर, आजोबांना मुंडासं, शेतातली कामं पहाटे उरकायची, दुपारी कडुलिंबाखाली पडायचं. ती झाकून घ्यायची, तोच तिचा घरगुती उपाय, आणि तो या रेसिपीपेक्षा कितीतरी सरस आहे. आणि आपलं गाव कशासाठी प्रसिद्ध आहे? चादर आणि टॉवेल, दोन्हीला जीआय टॅग आहे. कापड उजेडासमोर धरायचं, ट्यूबलाइट आरपार दिसली तर ऊनही आरपार जाणार, नाही दिसली तर बिनधास्त. झिरझिरीत पांढरा सुती दुपट्टा घामानं भिजला की त्याचा उपयोग आणखी कमी होतो. जाड विणीचा स्कार्फ, सनकोट, छत्री, मग उघडं काय राहिलं तर नाक, डोळ्यांभोवतीचा भाग, हाताचे पंजे. तेवढ्यालाच सनस्क्रीन लावा. बाटली महाग पडते ही तक्रार खोटी नाही, चार माणसांच्या घरात तर परवडतच नाही, मेसेज पसरतो त्याचं एक कारण हेही असणार. झाकून घेतलं तर एक ट्यूब पुरवून पुरवून वापरता येते. फक्त जिथं लावाल तिथं सढळ हातानं लावा, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर ओढलेल्या दोन रेघा, आणि बाहेर असाल तर दोन तासांनी परत.

रक्तात जाण्याचं अर्धसत्य आहे. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, 2019 आणि 2020 मध्ये तपासलं, सनस्क्रीनमधले काही केमिकल फिल्टर (किरणं शोषून घेणारी रसायनं) रक्तात सापडले, ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडले. ती मर्यादा म्हणजे विषारी ठरण्याची रेघ नव्हे, त्यापुढं गेलं तर आणखी चाचण्या करा अशी रेघ आहे, आणि सनस्क्रीन वापरणं थांबवू नका हे एफडीएनंच सोबत सांगितलं होतं. तरी भीती वाटत असेल तर झिंक किंवा टायटॅनियमवाली कंपनीची घ्या, विषय संपला. कॅन्सरचं तर उलटंच आहे, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये 1992 पासून साडेचार वर्षं 1,621 लोकांवर प्रयोग झाला, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत त्वचेचा एक प्रकारचा कॅन्सर सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाला.

हां, ते गोरे लोक. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन (कातडीला रंग देणारं द्रव्य) जास्त, त्वचेचा कॅन्सर आपल्याकडं कमी, हे मान्य. पण माझ्या काउंटरवर कॅन्सरसाठी कुणी येतच नाही, येतात ते वांगासाठी. गालावर तपकिरी डाग, ऊन लागलं की गडद. मग शेजारणीनं सांगितलेली स्टेरॉइडची ट्यूब मागतात, ती चोळून कातडी पातळ होते आणि ऊन आणखी लागतं. वांगाला साध्या उजेडानंही त्रास होतो, तिथं आयर्न ऑक्साइडवाली रंगीत सनस्क्रीन जास्त कामाची.

राहिलं ते करून ठेवलेल्या बाटलीचं. लिंबू घातलं असेल तर सरळ फेकून द्या. नुसतं तेल असेल तर रात्री टाचांना लावा. झिंकची पुडी उरली असेल तर डब्यात घट्ट बंद करून लेकरांपासून लांब ठेवा, उडालेली पावडर श्वासात जाऊ देऊ नका.