ओहोटीला समुद्र ‘सेफ’ असतो म्हणे! रत्नागिरीच्या त्या फॉरवर्डबद्दल

आमची मावशी अडुसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे दुखरे, राहते डोंबिवलीला. पुढच्या आठवड्यात दोन नातवंडांना घेऊन रत्नागिरीला येतेय. आमच्याकडेच उतर म्हटलं तर ‘नको रे बाबा, तुमची धावपळ होते, मुलगा हॉटेल बघतोय’. बरं, म्हटलं बघू दे. तर परवा रात्री तो मुलगा, म्हणजे आमचा मावसभाऊ, फॅमिली ग्रुपवर एक हातभर लांब फॉरवर्ड टाकतो, ‘रत्नागिरीला जाताय? कुठे राहायचं ते हॉटेलवाले तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’, आणि खाली लिहितो, ‘दादा, हे वाचूनच बुकिंग केलंय, मस्त डिटेल माहिती आहे.’

हाच मेसेज त्याच्याआधी मला चौघांकडून आलेला. न वाचता पुढे ढकलला होता, चूक झाली. आता नीट वाचला.

ज्यांना आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शहरात बघण्यासारखं काही नाही तेव्हा शहरात राहू नका. पैसे वाचवायचे तर स्टेशनजवळ रूम घ्या, समुद्र चालत जाण्यासारखा आहे. पैसे असतील तर लाट पायरीला लागते अशी नवी रूम घ्या, त्याला आता सरकारची परवानगी आहे. एकदा अशी रूम घेतली की मुलांना सकाळी सहा ते नऊमध्ये पाण्यात सोडा कारण कोकणात तेव्हा ओहोटी असते आणि ओहोटीला समुद्र सेफ असतो, फक्त जिथे लाटा फुटत नाहीत अशी शांत जागा बघा. पावसाळ्यात या रूम निम्म्या दरात आणि मासळी ताजी. मुरुडला मुक्काम करून जंजिरापण उरकता येतो. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी आणि ‘स्थानिक मित्राकडून’.

कुठला स्थानिक, कुणाचा मित्र, देव जाणे.

आधी ओहोटीचंच बोलतो, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फार तर पैसे जातील, या मुद्द्याने पोर जाईल.

सकाळी सहा ते नऊ ओहोटी? समुद्र काय सरकारी ऑफिस आहे का ठरलेल्या वेळेत उघडायला? भरती-ओहोटी चंद्राप्रमाणे चालते आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. आमच्याकडे जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ, आणि तिथून सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. चतुर्थीला भरती तीनच्या सुमाराला म्हणजे सुकती नऊला, पण एकादशीला भरतीच सव्वाआठला. तास-अर्धा तास इकडेतिकडे होतं, ढोबळ हिशोब आहे, पण ‘रोज सकाळी सहा ते नऊ’ यापेक्षा हजार पटीने खरा. म्हणजे मेसेज वाचून एकादशीच्या सकाळी पोरांना घेऊन उतरलात तर ओहोटी नाही, भरलेला समुद्र समोर असेल.

बरं, समजा नशिबाने खरंच ओहोटीची वेळ गाठलीत. मग काय सेफ झालं? पाणी उतरतंय म्हणजे ते आत चाललंय, किनाऱ्यापासून लांब, तुमच्या पोराला घेऊन. आणि जिथे खाडी समुद्राला मिळते तिथे तर विचारूच नका. रत्नागिरीला लागूनच भाट्याला काजळी नदीची खाडी आहे, भरतीला आत शिरलेलं सगळं पाणी सुकतीला त्याच तोंडातून बाहेर पडतं. आमच्या ओळखीचे राजिवड्यातले चाचा, आयुष्य होडीत गेलेलं, लहानपणी आम्हाला दम द्यायचे की चढत्या पाण्यात खेळा एक वेळ पण उतरत्या पाण्यात खाडीच्या तोंडाशी दिसलात तर तंगडं मोडीन. ज्याचं पोट समुद्रावर तो उतरत्या पाण्याला घाबरतो, आणि डोंबिवलीत बसून फॉरवर्ड करणारा बिनधास्त.

यातली सगळ्यात भयंकर ओळ म्हणजे ‘जिथे लाटा फुटत नाहीत अशी शांत जागा बघा’. हे वाचून मी खरंच उठून पाणी प्यायलो. लाटा फुटत फुटत किनाऱ्याला येतात, ते पाणी परत जाणार कुठून? वाळूत कुठेतरी खोलगट चर पडलेला असतो, सगळं पाणी गोळा होऊन त्या चरातून जोरात आत ओढलं जातं. तिथे खोली जास्त म्हणून लाट फुटत नाही, म्हणून वरून शांत दिसतं. दोन्ही बाजूला पांढरा फेस आणि मध्ये गुळगुळीत गडद पट्टा दिसला की तीच ओढीची जागा. आणि हा शहाणा नेमकं तिथेच मुलांना सोडायला सांगतोय! पट्टीचा पोहणाराही त्या ओढीच्या विरुद्ध हात मारत बसला तर दमून बुडतो. सापडलंच कोणी तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, आधी किनाऱ्याला समांतर आडवं सरकून त्या पट्ट्यातून सुटायचं आणि मग बाहेर यायचं. पण सहा वर्षांचं पोर हे लक्षात ठेवणार आहे का? गणपतीपुळ्याला माणसं बुडाल्याच्या बातम्या आपण किती वेळा वाचल्या, २०२५ च्या जुलैत आरे-वारेला चार जण गेले, तरी लोक धोक्याच्या बोर्डाला टेकून सेल्फी काढतात आणि बोर्ड वाचत नाहीत.

तेव्हा मावसभावाला ग्रुपवरच लिहिलं, बाकी काय वाटेल ते कर पण ही ओळ मावशीच्या डोक्यातून काढ, नातवंडं पाण्यात घोट्यापर्यंतच, आणि तीही मी सोबत असताना.

आता लाट पायरीला लागते ती रूम. ‘सरकारची परवानगी आहे’ असं ठोकून दिलंय, कुठल्या कागदाने ते नाही. कागद आहे, तो मी सांगतो. १८ जानेवारी २०१९ ची सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांची, अधिसूचना, कोणालाही नेटवर मिळते. ग्रामीण किनाऱ्यावर लोकवस्ती विरळ असेल तर भरतीरेषेपासून जमिनीकडे २०० मीटर ना-विकास क्षेत्र. दाट वस्ती असेल, म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं, तर ५० मीटर. शहरी भागात आधीपासूनच्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूलाच नवीन बांधायचं. तात्पुरत्या शॅकची सोय आहे, जुन्या वस्त्या, कोळीवाडे यांचं प्रकरण वेगळं आहे. पण ‘नवी कोरी, सिमेंटची, पायरीला लाट’ अशी रूम कोणी विकत असेल तर एकतर फोटो भलत्या अँगलने काढलाय, नाहीतर बांधकामातच गडबड आहे. दोन्हीकडे ॲडव्हान्स तुमचाच अडकणार.

आणि कायदा जाऊ दे, समुद्राला कायदा कुठे माहीत असतो. इथला मिऱ्याच्या किनाऱ्यावरचा बंधारा जाऊन बघा, उधाणाला लाटा कशा आपटतात त्याच्यावर. २०२० च्या निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ नावाचं आख्खं जहाज भरकटत त्या किनाऱ्याला येऊन लागलं आणि वर्षानुवर्षं तिथेच पडून राहिलं, लोक रविवारचे बघायला जायचे. जिथे जहाजाचं काही चाललं नाही तिथे तुमच्या पायरीचं काय घेऊन बसलात. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे कैदेत ठेवलं, त्याच्यासाठी राजवाडासुद्धा टेकडीवर बांधला, समुद्र आणि खाडी दिसेल पण पाय भिजणार नाहीत अशा जागी. १९१६ मध्ये तो इथेच वारला, पण पाणी घरात आल्याची तक्रार केल्याचं काही ऐकिवात नाही.

स्टेशनजवळ राहा म्हणे. अहो, रत्नागिरी स्टेशन शहरापासून पाच-सहा किलोमीटर आत आहे! हे मुंबईच्या लोकांच्या लक्षातच येत नाही, त्यांना वाटतं स्टेशन म्हणजे गाव, बाहेर पडलं की वडापाव आणि बाजार. कोकण रेल्वे डोंगर पोखरत, बोगद्यांतून आणि उंच पुलांवरून गेलीय, गाव तिच्याकडे येईल अशी वाट बघत स्टेशनं उभी आहेत. स्टेशनकडून कुवारबाव, मग साळवी स्टॉप, मग मारुती मंदिर, माळनाका, जयस्तंभ, एस.टी. स्टँड, आणि त्याच्याही पुढे मांडवीचा समुद्र. हे ‘चालत’? गुडघे दुखणाऱ्या बाईने? हा लिहिणारा माणूस रत्नागिरीला आलेला नाही यावर मी पैज लावायला तयार आहे. रिक्षाने प्रत्येक वेळी जा-ये केलीत की रूममध्ये वाचवलेले पैसे दोन दिवसांत उडतात. एक मात्र मान्य करतो, मनाविरुद्ध का होईना, की शेवटच्या रात्री, पहाटेची दिवा पॅसेंजर पकडायची असेल तर स्टेशनच्या बाजूला झोपणं शहाणपणाचं आहे. तेवढंच.

मुरुड-जंजिऱ्याच्या ओळीवर मी पाच मिनिटं नुसता हसत होतो. मुरुड दोन आहेत बाबांनो. एक दापोलीजवळचं, महर्षी कर्व्यांचं गाव, ते रत्नागिरी जिल्ह्यात. दुसरं जंजिऱ्याचं, ते रायगडात. मेसेजमध्ये रूमचा फोटो पहिल्या मुरुडचा आणि किल्ला दुसऱ्याचा. पहिल्याहून दुसऱ्याला किनाऱ्याने निघालात तर आधी वेसवी-बागमांडला फेरीबोट, मग दिघी-आगरदांडा फेरीबोट, दिवस संपला. आणि यातलं कुठलंही मुरुड रत्नागिरी शहराच्या बाजूला नाही, हे वेगळं सांगायला हवं का?

पावसाळ्यात रूम स्वस्त हे खरं, निम्म्याने नसेल पण पडतातच दर. ताजी मासळी मात्र विसरा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, मिरकरवाडा बंदरात बोटी ओळीने उभ्या असतात. त्या दिवसांत ताटात आलेला सुरमईचा तुकडा बर्फातनं आलाय असं समजून खा, चव घेऊन खा, पण ‘आत्ता समुद्रातून काढला’ म्हणू नका. खाडीतलं काही मिळालं तर नशीब. आणि हो, बंदराजवळ रूम घेतलीत तर वास येणारच. मेसेजमध्ये हा एक मुद्दा नाही, खरं तर हाच असायला हवा होता.

शहरात बघण्यासारखं काही नाही याचं उत्तर देत बसत नाही. टिळकांचं जन्मघर, १९३१ चं पतितपावन मंदिर, रत्नदुर्ग, थिबा पॅलेस, हे ज्याला ‘काही नाही’ वाटतं त्याने मॉलमध्येच फिरावं. शहरातले किनारे पोहायचे नाहीत हे मात्र मी स्वतःच सांगतो. मांडवी संध्याकाळी जेट्टीवर वारा खायला आणि भेळ खायला आहे, वाळू काळी, म्हणून तर त्याला काळा समुद्र म्हणतात. पांढरा समुद्र हा दुसरा किनारा, तोही बघायलाच जा. यात कोणाला लाज वाटायचं कारण नाही.

मग राहायचं कुठे? मला विचाराल तर समुद्र किती पावलांवर यापेक्षा तुम्ही कुठल्या दिशेला जाणार आणि बरोबर कोण आहे ते आधी बघा. पावस, गणेशगुळे, पूर्णगड करायचं असेल तर दक्षिणेला, भाट्याच्या पुलापलीकडे सोयीचं, सुरूच्या बनात संध्याकाळही छान जाते. गणपतीच मुख्य असेल, पहाटेची आरती, टेकडीची प्रदक्षिणा, मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, तर सरळ गणपतीपुळ्याला राहा, शहरातून शिरगाव, बसणी, काळबादेवी, आरे-वारेवरून पंचवीसेक किलोमीटर रोज करण्यात अर्थ नाही. आणि थोडं इकडे, थोडं तिकडे, सोबत म्हातारं माणूस, औषधाचं दुकान आणि डॉक्टर जवळ हवेत, रिक्षा दारात हवी, तर मारुती मंदिर किंवा थिबा पॅलेस रोड. समुद्र दिसणार नाही खिडकीतून. नसू दे.

मावसभावाने आधी ‘दादा तू फार निगेटिव्ह घेतोस’ लिहिलं, मग तासाभराने ‘कॅन्सलेशन चार्ज किती कापतील?’ असं पर्सनलवर विचारलं. स्टेशनजवळची रूम सोडली, मारुती मंदिरला घेतली. काही पैसे कापले गेले, त्याबद्दल मीच ऐकतोय.

मावशीने मात्र मेसेज वाचलाच नव्हता, तिला चष्म्याशिवाय दिसत नाही. तिला फोन करून ओहोटीचं समजावायला लागलो तर मध्येच थांबवून म्हणाली, ‘अरे तिथीची पाऊणपट ना? आमच्या अण्णांनीच शिकवलेलं. तुतारी एक्सप्रेसने येतेय, उतरेन त्या दिवशी एकादशी आहे, म्हणजे सकाळी भरतीच, पोरांना काही मी समुद्रावर नेत नाही. आणि उपास आहे माझा, तुझ्या बायकोला सांग साबुदाणा रात्रीच भिजत घालायला.’