काखेत कळसा, पुण्याला वळसा

आमचा ओजस मल्लखांबाला जातो. खांबाला एरंडेल चोपडतात, त्यामुळे गेली 3 वर्षं आमच्या घराला, स्कूटरच्या सीटला आणि सोफ्याच्या उजव्या कोपऱ्याला एरंडेलाचा वास आहे. त्याचं आता कुणाला काही वाटत नाही. पण त्या मंगळवारी एरंडेलाच्या मागून आणखी काहीतरी आलं.

स्कूटर पळत होती तोवर कळलं नाही. नळस्टॉपच्या सिग्नलला थांबलो आणि कांद्याचा वास आला. कुणीतरी भज्यांसाठी कांदा चिरायला घेतला असेल म्हणून मी डावी-उजवीकडे पाहिलं. भजीवाला कुठेच नव्हता. मागे बसलेला ओजस "आई, तो बघ, तो बघ" करत हात वर करून फलक दाखवत होता. त्यानं हात खाली घेतला, कांदा गेला. परत वर केला, कांदा आला. घरी पोचलो तर नवऱ्यानं दार उघडून विचारलं, "भेळ आणलीस?"

वय वर्षं 10. परवापरवापर्यंत या पोराच्या मानेत नाक खुपसलं की दुधाचा आणि पावडरचा वास यायचा.

बालरोगतज्ज्ञांकडे दुसऱ्या कामासाठी जायचंच होतं, तिथे हळूच विषय काढला. डॉक्टर म्हणाले, घाम बिचारा निर्दोष असतो. अंगभर ज्या घामाच्या ग्रंथी जन्मापासून असतात त्या नुसतं खारट पाणी सोडतात. काखेत वेगळ्या ग्रंथी असतात, त्या वयात येण्याच्या सुमाराला जाग्या होतात आणि जरा दाट, स्निग्ध घाम सोडतात. त्यावर कातडीवरचे जिवाणू ताव मारतात आणि त्यातून गंधकाची संयुगं तयार होतात. त्यातली काही थेट कांद्याच्या वासाची! म्हणजे भजीवाला सुटला. मुलगा 9 च्या आतला किंवा मुलगी 8 च्या आतली असेल, आणि वासाबरोबर केस यायला लागले, उंची भराभर वाढायला लागली, तर मात्र दाखवायला आणायचं. दहाव्या वर्षी नुसता वास येणं अगदी रीतसर आहे. "रोज साबणानं काख धुवा, कोरडी करा, बनियन रोज धुतलेला. मग हवं तर डिओ."

साबणानं काख धुवा! दहा वर्षांचा मुलगा आंघोळ करतो म्हणजे बादलीतलं पाणी फरशीवर नेऊन ठेवतो. साबण कोरडा, पाठ कोरडी, टॉवेल तेवढा ओला.

त्या रात्री मी वाचत बसले. एबीसीसी 11 नावाच्या जनुकातल्या एका बदलामुळे पूर्व आशियातल्या बहुतेक लोकांच्या काखेला जवळजवळ वासच येत नाही, आणि त्यांच्या कानातला मळही कोरडा, भुरभुरीत असतो. मी उठून झोपलेल्या ओजसच्या कानात मोबाइलची बॅटरी मारली. मळ ओला होता. तोही मार्ग बंद झाला.

शनिवारी लक्ष्मी रस्ता. दुकानातल्या पोरानं विचारलं, "मॅडम, कुणासाठी?" मी म्हटलं, "मुलासाठी." त्यानं काळ्या डब्यांची फौज मांडली. एकावर लांडगा, एकावर वीज, एकावर नुसतंच उघडं पोट. "किती वर्षांचा आहे?" "दहा." लांडगा मुकाट्यानं परत फळीवर गेला.

मग कळलं की यातही दोन जाती आहेत. डिओडरंट नुसत्या वासाचा बंदोबस्त करतं, घाम येऊ देतं. अँटिपर्स्पिरंट घामच थोपवतं. त्यातले अॅल्युमिनियमचे क्षार घामाच्या छिद्रांना तात्पुरतं बूच मारतात. मुलाला बूच कशाला, म्हणून ते बाद. स्प्रे बाद, कारण तो नाका-डोळ्यांत जाणार आणि ओजसच्या हातात स्प्रे देणं म्हणजे सोसायटीत धूरफवारणी. बेकिंग सोडावालं बाद, कारण कातडी मुळात किंचित आम्ल असते आणि सोडा अल्कली. माझ्या मावशीनं हा नैसर्गिक प्रयोग केला होता आणि पंधरा दिवस ती पंख असल्यासारखी हात फाकवून फिरत होती.

शेवटी उरली एक गोंडस बाटली. अॅल्युमिनियम फ्री, पॅराबेन फ्री, अल्कोहोल फ्री. एवढं सगळं फ्री असून बाटली 325 रुपयांना. बाजूला 450 रुपयांना एक पारदर्शक खडा होता, छान घासूनपुसून डबीत बसवलेला. त्यावर "क्रिस्टल" असं लिहिलं होतं. असले चोचले आपल्याला नकोत, असं म्हणून मी बाटली घेतली.

रोल-ऑन. ही कल्पना म्हणे 1950 च्या दशकात बॉलपेनवरून सुचली. ओजसला हे सांगायला नको होतं. आधी कोपराच्या आत थोडं लावून एक दिवस पुरळ येतं का पाहायचं, असा माझा बेत होता. त्यानं तिथे गोळा फिरवून स्वतःची सही केली. दुसऱ्या दिवशी पुरळ नाही म्हटल्यावर काखेची पाळी आली. गोळा गार लागला मात्र, पोरगं किंचाळत गॅलरीपर्यंत पळालं. "आई, गुदगुल्या! आई, नको ना!" समोरच्या काकू स्वयंपाक टाकून दारात आल्या. मी एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातात पोराचं मनगट अशी उभी. काय सांगणार?

चार दिवसांनी मल्लखांबाच्या सरांनी मला बाजूला बोलावलं. "ओजसच्या आई, याच्या काखेला काय लावता?" बगली म्हणजे खांब काखेत आवळून धरायचा. हे चिरंजीव वर्गाला निघताना जिन्यात रोल-ऑन फासायचे आणि तसेच चिकचिकत खांबाला भिडायचे. "आम्ही खांब पुसून पुसून दमलो. आणि त्याला लव्हेंडरचा वास येतोय हो. मुलं हुंगत उभी राहतात, उडी कुणी मारत नाही. एरंडेल आम्ही देतो, बाकी काही पाठवू नका."

घरी येऊन मी बाटली टेबलावर आपटली. सासूबाई वाल सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "अगं, तुरटी का नाही लावत?"

तुरटी! म्हणजे पोटॅशियम आणि अॅल्युमिनियमचं सल्फेट. ज्या अॅल्युमिनियमपासून वाचायला मी 325 रुपये मोजले, तेच. मी पुन्हा वाचायला बसले. तुरटी जिवाणूंना वाढू देत नाही, चिकटत नाही, तिला वास नाही. आणि लक्ष्मी रस्त्यावरचा तो 450 चा क्रिस्टल म्हणजे दुसरंतिसरं काही नसून तुरटीच. कापलेल्या कातडीवर झोंबते, एवढंच. ओजसच्या काखेत अजून वस्तरा जायला अवकाश आहे.

मंडईत जाऊन आणायचीसुद्धा गरज पडली नाही. नवऱ्याच्या दाढीच्या सामानात एक खडा होता, वापरून वापरून नावेसारखा झालेला. आता रोज सकाळी आंघोळीनंतर ओजस तो ओला करून दोन्हीकडे फिरवतो आणि जागच्या जागी ठेवून देतो. गुदगुल्या होत नाहीत. खांब कोरडा. सर खूश.

परवा नवऱ्यानं दाढी करताना हनुवटीला कापून घेतलं. "स्स्" करत त्यानं तो खडा उचलला, हनुवटीवर दाबला आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"काय गं, आज सकाळी सकाळी कांदा चिरलास का?"

मी म्हटलं, "हो. पोहे करतेय."

आणि खरोखरच करावे लागले.