डायमंड मार्कवरच्या तारखेबद्दल थोडं

जुन्या ब्रिटिश साच्यातल्या काचेच्या भांड्यांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं "डायमंड मार्क म्हणजे भांडं बनवल्याचं वर्ष" हे वाक्य प्लीज दुरुस्त करा, नवीन कलेक्टर नेमके तिथेच फसतात. हा मार्क म्हणजे काचेवर उठवलेली चौकटच्या आकाराची रजिस्ट्रेशनची खूण, आणि त्यातली तारीख डिझाइन रजिस्टर केल्याची असते, साचा चांगला चालला तर तीच वाटी पुढे कित्येक वर्षं निघत राहायची, म्हणजे "या तारखेच्या आधीची नाही" एवढंच पक्कं धरायचं. मार्क वाचताना आधी वरच्या गोलातला रोमन तीन (III) बघा, म्हणजे वस्तू काचेच्या वर्गात नोंदलेली. मग वर्षाचं अक्षर, ते 1842 ते 67 मध्ये वरच्या कोपऱ्यात असायचं आणि 1868 ते 83 मध्ये उजव्या, हे उलटसुलट झालं की सगळा हिशोबच चुकतो. 1884 पासून नुसता आरडी (Rd), म्हणजे रजिस्ट्रेशनचा नंबर.

रजिस्ट्रेशन नसेल तर कंपनीची खूण शोधा. मोराचं डोकं म्हणजे इंग्लंडमधल्या गेट्सहेडची सोअरबी ही काच कंपनी, 1876 पासून. ही खूण साच्यातूनच उठलेली असते आणि बारीक असते, त्यामुळे दुधी किंवा काळ्या काचेवर पटकन दिसत नाही, टॉर्च आडवा धरून तळ हळूहळू फिरवा.

आणि रंगावरून वर्ष ठरवू नका हो! डेव्हिडसन या काच कंपनीची पिवळी पर्लाइन (कडेला दुधी होत जाणारी काच) यूव्ही लाइटखाली मस्त हिरवी चमकते, पण त्यावरून फक्त युरेनियम आहे एवढंच कळतं, युरेनियमची काच विसाव्या शतकातही भरपूर बनली.