‘सरकारी माणूस गेला की घरच्यांची चांदी’: त्या मेसेजमधली एकेक ओळ

कुठे कोणा सरकारी कर्मचाऱ्याच्या जाण्याची बातमी आली, की दोन-चार दिवसांत तो मेसेज पुन्हा फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: घरातल्या एकाला त्याच खात्यात नोकरी पक्की. बायकोला जन्मभर पूर्ण पगार. वर रोख पंचवीस लाख. पैसा सगळा नॉमिनीचा. पण नोकरी 2005 नंतरची असेल तर घरच्यांना शून्य, आणि विधवेने पुन्हा लग्न केले तर सगळे बंद. शेवटी अर्थातच ‘प्रत्येक ग्रुपवर पाठवा’.

आस्थापना शाखेत माझी हयात गेली. सेवापुस्तके, नामनिर्देशने, महालेखापालांकडून परत आलेले त्रुटींचे कागद हेच पाहत आलो. या मेसेजवर नुसते हसून सोडले असते. पण त्यावर विसंबून आलेली माणसे टेबलासमोर बसलेली पाहिली आहेत.

आधी नोकरीचे. अनुकंपा नियुक्ती, म्हणजे सेवेत गेलेल्या कर्मचाऱ्याच्या घरातल्या एकाला मिळणारी नोकरी, हा वारसाहक्क नाही. उमेश कुमार नागपाल विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्येच हे स्वच्छ सांगितले: कमावता माणूस अचानक गेल्याने कोसळलेल्या घराला त्या संकटातून निभावून नेणे एवढाच या नेमणुकीचा हेतू आहे. गेलेल्याची जागा घरात राखून ठेवणे हा नव्हे. त्यामुळे वडील वर्ग एकचे अधिकारी होते म्हणून मुलगा अधिकारी होत नाही. महाराष्ट्रात ही नेमणूक गट क आणि गट ड मध्येच मिळते, तीही प्रतीक्षासूचीत नाव लागून, क्रमांक येईल तेव्हा. केंद्रात तर सरळसेवेच्या रिक्त पदांपैकी पाचच टक्के जागा यासाठी आहेत. महाराष्ट्राच्या सूचीत वाट पाहता पाहता पंचेचाळीस वय झाले की नाव गळते. आणखी एक अट लोकांना फार उशिरा कळते: 31 डिसेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झाले असेल, तर महाराष्ट्रात त्या कर्मचाऱ्याचे कुटुंब अनुकंपेला अपात्र ठरते. ही अट ऐकताना समोरच्या बाईचा चेहरा कसा होतो ते मी पाहिले आहे. चूक असलीच तर तिच्या एकटीची नव्हती, आणि दुसरा जाब द्यायला उरलेला नव्हता.

‘पक्की’ या शब्दाने खरे नुकसान होते ते इथे. मुलगा शिक्षण सोडून सूचीकडे डोळे लावून बसतो. दुसऱ्या परीक्षा देत नाही. पाच-सात वर्षे अशीच जातात.

‘पूर्ण पगार’ हे तर नेहमीच्या नियमांत नाही. असते ते कुटुंब निवृत्तिवेतन. केंद्राच्या नियमांत सेवेत असताना मृत्यू झाला तर पहिली दहा वर्षे शेवटच्या मूळ वेतनाच्या 50 टक्के, आणि त्यानंतर 30 टक्के. दोन्हींवर महागाई भत्ता. हिशेब करून पाहू. मूळ वेतन 50,000 आणि महागाई भत्ता सोयीसाठी 50 टक्के धरला, तर हातात 75,000 आणि शिवाय घरभाडे भत्ता येत होता. मृत्यूनंतर 25,000 आणि त्यावर 12,500, म्हणजे 37,500. घरभाडे भत्ता गेला. सरकारी क्वार्टर असेल तर मुदतीत तीही सोडायची. दहा वर्षांनी याच आकड्यांत 22,500. मधल्या काळात महागाई भत्ता वाढतो, एखादा वेतन आयोगही येतो, हे खरे. पण मुले कॉलेजात असताना दर खाली येतो, हेही तितकेच खरे. एक बाजू मात्र चांगली आहे. पत्नीला किंवा पतीला स्वतःची नोकरी असली म्हणून हे निवृत्तिवेतन अडत नाही. उत्पन्नाची अट लागते ती अवलंबून असलेल्या मुलांना आणि आईवडिलांना.

पंचवीस लाख ही मृत्यू उपदानाची, म्हणजे सेवेत मृत्यू झाल्यास एकरकमी मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीची, केंद्रातली कमाल मर्यादा आहे, 1 जानेवारी 2024 पासूनची. मर्यादा म्हणजे मिळणारी रक्कम नव्हे. उपदान सेवेच्या वर्षांवर ठरते: वर्षाच्या आत मृत्यू झाला तर वेतन व महागाई भत्त्याच्या दुप्पट, पाच वर्षांच्या आत सहापट, अकराच्या आत बारापट, विसाच्या आत वीसपट. वीस वर्षांपुढे दर सहा महिन्यांच्या सेवेमागे अर्धे वेतन, जास्तीत जास्त तेहतीसपट. वरच्याच 75,000 च्या माणसाची सेवा आठ वर्षे झाली असेल तर नऊ लाख. तेहतीस वर्षे भरली असतील तरच पावणेपंचवीस. राज्याची मर्यादा वेगळी.

आता नॉमिनी. माझ्या मते या मेसेजमधली सर्वांत घातक ओळ हीच. कारण तिच्यावरून भाऊ भावजयीच्या दारात उभा राहतो.

वेगवेगळ्या पैशांना वेगवेगळे नियम लागतात. उपदान, गटविमा आणि भविष्य निर्वाह निधी यांना नामनिर्देशन चालते. त्यातही कुटुंब असताना नाव बाहेरच्याचे लावता येत नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाला मात्र नामनिर्देशन लागूच नाही. ते कोणाला आणि कोणत्या क्रमाने द्यायचे हे नियमातच लिहिलेले आहे: आधी पत्नी किंवा पती, मग मुले, आणि यांपैकी कोणीच नसेल तर अवलंबून असलेले आईवडील. मृत्युपत्रानेही हा क्रम बदलत नाही. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका रेल्वे कर्मचाऱ्याचे प्रकरण आले होते. बायकोशी बिनसलेले, म्हणून त्याने मृत्युपत्र भावाच्या नावे केले होते. न्यायालयाने निकाल दिला की कुटुंब निवृत्तिवेतन ही मृताची मालमत्ताच नव्हे. जे त्याचे नाही ते तो मृत्युपत्राने देणार कसे? पैसे विधवेला मिळाले.

दुसऱ्या घरोब्याचेही इथेच सांगतो, कारण तो प्रश्न कुजबुजत विचारला जातो. पहिले लग्न कायम असताना केलेले दुसरे लग्न हिंदू विवाह कायद्याने रद्दबातल, म्हणून त्या स्त्रीला हक्क नाही. पण त्या संबंधातल्या मुलांना आहे. 2000 मध्ये रामेश्वरी देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले.

2005 चे काय? या ओळीत एकेकाळी तथ्य होते. 1 नोव्हेंबर 2005 किंवा त्यानंतर राज्याच्या सेवेत आलेल्या बहुतेकांना जुने निवृत्तिवेतन नाही, आणि बरीच वर्षे त्यांच्या घरच्यांनाही ते नव्हते. केंद्राने सेवेत मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांसाठी 2009 मध्येच दार उघडले होते. महाराष्ट्रात ते व्हायला मार्च 2023 चा संप व्हावा लागला. त्याच महिन्याच्या 31 तारखेच्या शासन निर्णयाने राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतल्या, म्हणजे जुन्याऐवजी आलेल्या आणि कर्मचारी व सरकार दोघांच्या हिश्श्यावर चालणाऱ्या योजनेतल्या, कर्मचाऱ्याचा सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंबाला कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान लागू झाले. म्हणजे ‘शून्य’ हे आता शिळे झाले. मात्र दोन्ही हातांत लाडू नाहीत: केंद्राच्या नियमांत कुटुंब निवृत्तिवेतन घेतले की योजनेतला सरकारचा हिस्सा त्यावरच्या परताव्यासकट सरकारकडे परत जातो, कर्मचाऱ्याचा स्वतःचा हिस्सा कुटुंबाला मिळतो. यासाठीचा विकल्पाचा फॉर्म कर्मचाऱ्याने हयातीत भरायचा असतो. तो भरून सेवापुस्तकात लागला आहे का, हे आजच कार्यालयात विचारा. मेसेज पुढे पाठवायला लागतो त्याहून थोडाच जास्त वेळ लागेल.

राहिले विधवेचे लग्न. केंद्राच्या नियमांत, मूल नसलेल्या विधवेने पुनर्विवाह केला तरी तिचे निवृत्तिवेतन चालू राहते. तिचे इतर उत्पन्न किमान कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे 9,000 रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता, एवढे झाले तरच ते थांबते. मुले असतील तर तिचे थांबते आणि पात्र मुलांकडे जाते. सगळे बंद होते असे या नियमांत लिहिलेले नाही.