कर्नलला ड्रायव्हर कसा दान करावा

कंपनीत एखादा जुना फाइल सिस्टिम ड्रायव्हर, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची मांडणी वाचणारा-लिहिणारा कोड, धूळ खात पडलाय? लिनक्स कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, देऊन टाका. पुण्य लागेल. फक्त रीत सांभाळा.

फाइल सिस्टिम दुसऱ्याची आणि कुलूपबंद हवी. विंडोजची एनटीएफएस उत्तम. १९९३ पासून विंडोज एनटीच्या पोटात आहे, आतली पूर्ण मांडणी मायक्रोसॉफ्टने कधी छापली नाही. चुकलं तर कोण ताडून बघणार?

कोड पंगतीत पातेलं उपडं केल्यासारखा वाढा. २०२० साली पॅरागॉन कंपनीचा एनटीएफएस३ ड्रायव्हर तसाच आला, सुमारे २७ हजार ओळी एका दमात. तपासणारे म्हणाले, जरा तुकडे करून द्या हो. (आमच्या इंदुरात कचऱ्याची गाडी आली की ओला-सुका वेगळा द्यावा लागतो, नाहीतर गाडीवाला दारात उभा राहून ऐकवतो. कर्नलवाल्यांनाही तीच खोड!) वर्षभर फेऱ्या मारा. २०२१ च्या ५.१५ आवृत्तीत घेतलाच की.

दुरुस्तीची अवजारंही देऊ, असं म्हणा. म्हणायला पैसे पडत नाहीत.

आत गेलात की मौन धरा. २०२२ मध्ये लोक 'हा ड्रायव्हर अनाथ झाला का' असं विचारू लागले, तसं कुणी विचारलं की उगवा, चार दुरुस्त्या पाठवा, पुन्हा समाधी.

आणि वापरणाऱ्याची काळजी तर मुळीच करू नका. परवा आमच्या मामांचं सहस्रचंद्रदर्शन होतं, रामबागेत. बहिणीने डिस्क दिली, त्यावर आणखी चाळीस फोटो टाकायचे, मग ती हॉलच्या टीव्हीला लावायची. तिने आधी कधीतरी केबल तशीच ओढलेली. माझ्या लिनक्सचं उत्तर: व्हॉल्यूम डर्टी आहे, फोर्स दिलेला नाही. (म्हणजे डिस्क नीट बंद झालेली नाही, आणि तरीही जबरदस्तीने जोड असा हुकूम मी दिलेला नाही.) मामा म्हणाले, "घाण झालीय तर पूस ना." आता 'रीड-ओन्ली माउंट कर', म्हणजे नुसती वाचण्यापुरती जोड, हे मला शिकवू नका, मला लिहायचं होतं! फोर्स देऊ? मामांच्या लग्नाच्या फोटोंचे एकुलते एक स्कॅन त्यावर, त्यांच्यावर फोर्स? लिनक्सवरचं एनटीएफएसफिक्स वरवर हात फिरवतं. धड तपासणी हवी तर मायक्रोसॉफ्टचं चेकडिस्क, आणि चेकडिस्कसाठी विंडोज. देशातलं सगळ्यात स्वच्छ म्हणून मिरवणाऱ्या शहरात, पाहुणे पोहे-जिलबी खात असताना, मी एक डर्टी डिस्क घेऊन विंडोजवाला लॅपटॉप मागत तीन घरं फिरलो. तिसऱ्या घरातला पोरगा म्हणाला, "भिया, तुम्ही तर कम्प्युटरवाले ना?"

दान कसलं डोंबलाचं हो! कोड टाकला म्हणजे झालं? त्याच्याकडे बघायला एक माणूस पगारावर ठेवा. दोष कळवला की आठवड्यात उत्तर द्या. डिस्क तपासायचं अवजार लिनक्सवर द्या, तेही ड्रायव्हरच्या बरोबरीने, नंतर कधीतरी नाही. कर्नलमधला जुना एनटीएफएस ड्रायव्हर २०२४ मध्ये ६.९ आवृत्तीतून काढला गेला, म्हणजे तेव्हा कर्नलमध्ये लोक तुमच्याच भरवशावर राहिले. जमत नसेल तर स्पष्ट सांगा, दुसरं कुणी हात घालेल. तोवर बहिणीची डिस्क मी एक्सफॅट या मायक्रोसॉफ्टच्याच दुसऱ्या फाइल सिस्टिमची करून देतोय. त्या फाइल सिस्टिमची मांडणी निदान २०१९ मध्ये उघड तरी केली.