कॉलेज सुटतं तेव्हा भट्टीही सुटते

सांगलीत परवा सिरॅमिकचं एक छोटं प्रदर्शन बघितलं. सगळी मुलं कला महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली. त्यातल्या एका मुलीच्या कामाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

फळीवर ओळीने पातेलं, डबे, तांब्या, बरणी. पांढुरक्या स्टोनवेअरची, म्हणजे जास्त आचेवर भाजलेल्या टणक मातीची भांडी, लहानमोठी, पण सगळ्यांवर एकाच पातळीपर्यंत काळपट तपकिरी झिलई. बुटका डबा पुरता बुडालेला, बरणीचा फक्त गळा कोरडा. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ज्यांनी तेव्हा भिंती खरवडल्या, त्यांना ती रेघ कशाची हे सांगावं लागत नाही.

आणि ती झिलई बाजारातली नाही, कृष्णेचा गाळ आहे. त्या मातीत लोह असतं. कमी आचेवर ती लाल भाजते, पण स्टोनवेअरच्या भट्टीत १२०० अंशांच्या पुढे तीच माती वितळून काचेसारखी चकाकते. घराघरांतून फावड्याने उपसलेला गाळ या मुलीने असा वापरलाय! मी बराच वेळ तिथून हललो नाही.

पुढे काय करणार, विचारलं. म्हणाली, "काका, डोक्यात खूप आहे, पण भाजू कुठे?"

चित्रकाराचं घरातल्या एका कोपऱ्यात भागतं. सिरॅमिकवाल्याचं कॉलेज सुटलं की भट्टीही सुटते. स्वतःची घ्यायची तर खर्च लाखांत, वर थ्री फेज वीज. कच्चं काम एसटीने मुंबईला न्यावं तर वाटेतच त्याचा चुरा. "कुंभाराकडे भाजून घ्या की," असं प्रदर्शनातच कुणीतरी म्हणालं. कुंभाराचा आवा बेंदराच्या मातीच्या बैलांना, गाडग्या-मडक्यांना उत्तम, पण त्याची आच स्टोनवेअरला पुरत नाही. त्यामुळे ही मुलं पहिलं प्रदर्शन करतात आणि मग नोकरी शोधतात. मला याचा फार त्रास होतो.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने पोस्ट टाकल्या. ती कला टिकली, कारण कारागिरांना तिथे भोपळा मिळाला, कारखाना मिळाला, शेजारी विचारायला जाणता माणूस मिळाला. या मुलांना शाल-श्रीफळ नको. जिल्ह्यात एक सामायिक भट्टी हवी, भाजणीमागे रास्त पैसे घेणारी. पालिकेने करावी, एखाद्या ट्रस्टने करावी, नाहीतर आपण दहा-वीस जणांनी मिळून करावी. आणि विकत घेताना घासाघीस करू नका. भट्टीत तडकलेल्या भांड्यांचा खर्चही त्याच किमतीतून निघायचा असतो.

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत कुणाची थ्री फेज जोडणीची शेड रिकामी पडून असेल, तर मला इनबॉक्स करा. भाड्याचं बघू. त्या मुलांशी गाठ मी घालून देतो.